सहीखालचा अंगठा

विमानं उडवणाऱ्या माणसांचे सहीचे कागद मी जमवते, हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, "म्हणजे विमानात पुष्कळदा बसला असाल की!" नाही बसले. एकदाही नाही. क्रिकेटवर तासन्‌तास बोलणाऱ्यांना कुणी विचारतं का, तुम्ही बॅट कधी धरली होती म्हणून? मग मलाच का? बाई आहे म्हणून विचारतात, दुसरं काय.

हा नाद लागला तेव्हा मी सोलापुरात इंग्रजी चौथीला, म्हणजे आताच्या आठवीला होते. नव्या पेठेत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि शाळेत वाचून झालेली इंग्रजी वर्तमानपत्रं घरी आणायचे. आई ती रद्दीत घालायच्या आत मी वाचून काढायची. कुणी समुद्र ओलांडला, कुणी वाळवंटात उतरला, कुणाचं यंत्र वाटेत बंद पडलं आणि तो थेट कुणाच्या तरी मक्यात येऊन बसला. मला वाटायचं, ही माणसं काही आभाळात राहत नाहीत. यांना घर असेल, घराला पत्ता असेल, पत्त्यावर पत्र जात असेल. म्हणून मी कराचीला टपालाचं विमान नेणाऱ्या एका वैमानिकाला पत्र लिहिलं. अण्णांनी व्याकरण तपासलं, एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाले, "उत्तराची वाट बघत बसू नकोस."

उत्तर आलं. पाकिटात पत्र नव्हतं, हवामानाची एक छापील चिठ्ठी होती. वारा कुठून, ढग किती, पुढे धूळ आहे की नाही, असं पेन्सिलीने भरलेलं. ती चिठ्ठी खिशात घालून तो माणूस वाळवंटावरून उडून आला होता आणि खाली त्याने झोकात सही ठोकली होती. घडीच्या जागी कागद मळला होता. मी तो कागद आईला दाखवला, तर ती म्हणाली, "एवढा साहेब आणि त्याला चांगला कागद मिळाला नाही?"

मला मात्र त्याच कागदाने पकडलं. नुसत्या सहीच्या वह्या घेऊन थोरामोठ्यांच्या मागे धावणाऱ्या मुली आमच्या शाळेतही होत्या. मला तसली सही नको होती. माणूस कामात असताना त्याच्या हाताखाली जो कागद असतो, तो मला हवा असायचा. मी पत्रात तसंच मागायची: तुमच्या कामाचा एखादा निरुपयोगी कागद सही करून पाठवा. काही जण पाठवायचे. एका परदेशी वैमानिक बाईने हॉटेलच्या कागदावर लिहिलेली पेट्रोलची मागणी पाठवली. एकाने परवान्याचा बाद झालेला भाग पाठवला. टपालाच्या खर्चासाठी मी बोळातल्या दोन मुलींच्या शिकवण्या धरल्या होत्या. कापडाच्या ताग्यात जे जाड पुठ्ठे येतात त्यांच्यामध्ये हे कागद घालून, वर सुतळी बांधून, मी ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची.

बोळात अर्थातच बोलणं सुरू झालं. मास्तरांची मुलगी परक्या पुरुषांना पत्रं लिहिते आणि ते परके पुरुष उत्तरंही देतात. एका शेजारणीने आईला विचारलं, "काय लिहितात हो ते?" आईने सांगितलं, "वारा कुठून वाहतो ते लिहितात." शेजारणीला ते खोटं वाटलं. आईला स्वतःलाही ते फारसं पटत नव्हतं, पण बाहेरच्यांपुढे ती माझ्या बाजूने उभी राहायची आणि घरात येऊन मला रागवायची.

माझ्या संग्रहातला सगळ्यांत मोलाचा कागद टपालाने आला नाही. तो मी माझ्या हाताने लिहिला आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सांगोल्याला मामाकडे गेलो होतो. मामा तिथल्या मराठी शाळेत मास्तर. मी तेव्हा मॅट्रिक झाले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. एका सकाळी आभाळातून घरघर ऐकू आली, ती अडखळली आणि थांबली. सगळं गाव बिरोबाच्या माळाकडे पळत सुटलं. मीही पळाले. मामा मागून ओरडत होता, "अगं, पायात काहीतरी घाल!"

माळावर विमान उभं होतं. दुमजली पंखांचं, कापड ताणून बसवलेलं, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी लहान. त्यातून उतरलेला वैमानिक गोरा साहेब नव्हता, मुंबईकडचा आपलाच तरुण मुलगा होता. त्या काळात आपल्यातले उडणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच होते आणि त्यातला एक सांगोल्याच्या माळावर तेलाने माखून उभा होता. त्याच्या यंत्राची तेलाची नळी फुटली होती. तो तोडक्यामोडक्या मराठीत सगळ्यांना लांब राहायला सांगत होता आणि कुणीही लांब राहत नव्हतं.

तिथेच मला ती बाई पहिल्यांदा दिसली. धनगरवाड्यावरची, चाळिशीची असेल. घरचे पुरुष मेंढरं घेऊन लांब चाऱ्याला गेले होते आणि ही घरच्या शेरडांसाठी मागे राहिली होती. विमानाच्या आवाजाने तिची शेरडं दाही दिशांना पांगली होती. ती वैमानिकाच्या समोर उभी राहून त्याला फैलावर घेत होती. "माळ काय तुज्या बापाचा हाय व्हय? माजी शेरडं कुटं गेली ती बगून दे आदी!" त्याला अर्धं कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. पोरांनी शेरडं वळून आणली तेव्हा कुठे ती गप्प झाली.

दुपारपर्यंत त्याने नळी बसवत आणली. मामाच्या घरून भाकरी-चटणी गेली, ती त्याने चाकाशी बसून खाल्ली. मग विमान हलू नये म्हणून त्याने बांधायला काहीतरी मागितलं. त्या बाईने दोर आणून दिला, तो देतानाही बजावून सांगितलं, "नवा हाय. परत पायजे." एका पंखाला दोर बांधून दुसरं टोक एका मोठ्या दगडाला आवळलं.

उन्हं कलायच्या सुमारास वारं सुटलं. वळवाच्या आधी आमच्याकडे जसं सुटतं तसं, पाऊस नाही, नुसती धूळ. समोरचं दिसेना. त्यात कुणीतरी ओरडलं की विमानातलं पेट्रोल पेट घेईल, आणि माळ रिकामा झाला. मामाने मला हाताला धरून बिरोबाच्या देवळात ओढलं. भिंतीच्या आडून मी बघत होते. वाऱ्याने विमानाचा एक पंख वर उचलला. दगड सरकला. वैमानिक दुसऱ्या बाजूला लटकला होता, त्याचं एकट्याचं वजन पुरत नव्हतं. आणि ती बाई पळालीच नव्हती. ती दोराला दोन्ही हातांनी लोंबकळली होती, पाय जमिनीत रोवून, पदर तोंडावर आलेला, आणि वाऱ्याला शिव्या देत होती. पंख पुन्हा वर जाऊ बघायचा, तिच्या टाचा मातीतून फरफटायच्या, ती पुन्हा खाली ओढायची. वारं पडेपर्यंत तिने दोर सोडला नाही.

मी नंतर तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "माजा दोर हुता न्हवं त्येला." पुढे मी ही गोष्ट सांगायची तेव्हा अनेकांनी तिच्या तोंडी मोठमोठी वाक्यं घालायला सुचवलं. मी घालत नाही. दोर नवा होता, म्हणून ती राहिली. पण राहिली.

धूळ बसल्यावर लोक परत आले. पोलीस पाटलाला काय घडलं त्याचा कागद हवा होता, आणि वैमानिकालाही आपल्या मुंबईच्या उड्डाण क्लबात दाखवायला तसाच कागद हवा होता. एकाला मराठीत हवा, दुसऱ्याला इंग्रजीत. मामाचं इंग्रजी बेताचं. तो म्हणाला, उद्या कचेरीतून कुणाला तरी बोलावू. मी पुढे झाले. मामाने डोळे वटारले, ते मी पाहिलेच नाहीत असं दाखवलं. मामाच्या शाळेचे ताव होते, माझं पेन होतं. तावावर वरच्या अर्ध्यात इंग्रजी, खाली मराठी, असं मी लिहिलं: विमान नळी फुटल्यामुळे इथे उतरलं, माणसाला व जनावराला इजा झाली नाही. अशा तीन प्रती केल्या, एक त्याच्या क्लबासाठी, एक पाटलासाठी आणि एक माझ्यासाठी. लिहिणावळ म्हणून मी एवढंच मागितलं होतं. त्याने हसत सह्या केल्या.

ती बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "काय लिवलंस गं?"

मी वाचून दाखवलं.

"आन् वाऱ्यात धरलं कुणी त्ये?"

"ते नाही लिहिलं."

"मग लिव की! त्यो वर बसून आला म्हून त्येचंच नाव. आन् म्या हितं हात सोलून घेतलं, ते उगंच व्हय?"

वैमानिकाने विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं. तो हसला. मग तिने दोन्ही तळवे त्याच्यासमोर उघडे केले आणि त्याचं हसू गेलं. दोराने कातडी निघाली होती. त्याने मला सांगितलं की लिही, तिने विमान धरून ठेवलं नसतं तर ते मोडलं असतं, कदाचित मीही. मी तशी ओळ वाढवली, तिन्ही प्रतींवर, दोन्ही भाषांत, तिचं नाव घालून.

"आता हितं माजा अंगठा घे," ती म्हणाली. शाईची गादी चावडीत होती. मी पेनातली शाई बोटाला लावून देणार होते, पण तिला धीर कुठला. वारं पडल्यावर तिने देवळातून भंडारा आणून विमानाच्या पुढच्या पंख्याला फासला होता, नवीन गाडीला हळदकुंकू लावतात तसा, आणि पंख्यावरचं तेल आणि ती देवाची हळद तिच्या अंगठ्यावर कालवून बसली होती. तिने तो अंगठा वैमानिकाच्या सहीच्या बरोबर खाली दाबला. एक, दुसरा, तिसरा. पहिल्या कागदावर रेषा न् रेषा उमटली. तो पहिला कागद मी स्वतःकडे ठेवला. क्लबाला पुसट गेला, त्याला माझा इलाज नाही.

वैमानिक संध्याकाळी उडून गेला. बाईने तिचा दोर गुंडाळून नेला.

त्यानंतर काही महिन्यांत त्या मुलाने लांबचं एक उड्डाण केलं आणि त्याचं छायाचित्र सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. माझ्या कागदाचा भाव वाढला, असं अण्णा म्हणाले. मला ते भाव वगैरे कळत नव्हतं. मी कधी कधी पुठ्ठे उघडून तो पिवळा अंगठा बघायची, आणि मला बरं वाटायचं.

पावसाळा संपता संपता स्थळ जमलं. मुलगा एका मिलच्या ऑफिसात कारकून होता. दिसायला चांगला, बोलायला मऊ, केसांचा भांग अगदी रेघ मारल्यासारखा. बघायला आले तेव्हा त्याच्या आईने विचारलं, गाणं येतं का, विणकाम येतं का. मी म्हटलं, दोन्ही येत नाही, पण माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी आहे. आईने कपाळाला हात लावला. मी पुठ्ठे आणले. त्याची आई जांभई देत होती, पण त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, मिळाला एक माणूस ज्याला हे कळतं! मी खरंच खूश झाले. साखरपुडा झाला, साडी आली, साखरेचा पुडा आला, पेढे वाटले गेले.

डोळे का चमकले होते ते नंतर कळलं. त्याच्या मिलचे मोठे साहेब, आपलेच, पण विलायतेत शिकून आलेले, त्यांनाही वैमानिकांच्या सह्या जमवायचा छंद होता. ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी होत होती. मार्गशीर्षात तो आमच्याकडे आला आणि अण्णांना म्हणाला की साहेबांना संग्रह दाखवायला न्यावा, आणि त्यांना एखादा कागद आवडलाच तर तो आनंदाने द्यावा. माझ्याकडे बघून म्हणाला, "शेवटी आपल्याच घराचं भलं आहे ना." अण्णा मान हलवत होते. अण्णांचा स्वभावच तसा, समोरचा माणूस बोलत असेपर्यंत ते मान हलवत राहायचे.

मी कबूल झाले. खोटं कशाला बोलू? मला लग्न करायचं होतं, तो मला आवडला होता, आणि एक कागद देऊन त्याची बढती होणार असेल तर मी एक कागद द्यायला तयार होते. कोणताही एक. तेवढं मी स्पष्ट सांगितलं होतं.

आम्ही तिघं गेलो, अण्णा, तो आणि मी. साहेबांचा बंगला मोठा होता. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, चहा, बिस्किटं. साहेब सभ्य होते, मला "बाळ" म्हणाले, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. त्यांनी आधी त्यांचा आल्बम दाखवला. काळी पानं, प्रत्येक पानावर वर छायाचित्र आणि खाली सही. सगळ्या सह्या एकाच मापाच्या, चौकोनी कापलेल्या, चार कोपऱ्यांत अडकवलेल्या. पान उलटलं की पुन्हा तसाच चौकोन. एका सहीच्या वरच्या कडेला आधीच्या ओळीतल्या अक्षरांच्या शेपट्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मी विचारलं, "हे पत्र होतं का?"

"हो. चांगलं चार पानी."

"मग बाकीचं?"

"बाकीचं काय करायचं, बाळ? घरच्या गोष्टी होत्या. सही काढून घेतली."

कागद त्यांचे होते, मी आल्बम मिटून परत केला. मग त्यांनी माझे पुठ्ठे उघडले. कराचीची चिठ्ठी बघितली, त्या परदेशी बाईची पेट्रोलची मागणी बघितली आणि सांगोल्याच्या कागदावर थांबले. थांबणारच होते. त्या मुलाचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. त्यांनी विचारलं, "हा देशील?"

नेमका तोच. पण शब्द दिला होता. मी म्हटलं, "घ्या."

माझ्या होणाऱ्या नवऱ्याने श्वास सोडला, तो मला ऐकू आला. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. साहेबांनी कागद उजेडात धरला. "हा खाली डाग कसला?"

"डाग नाही, अंगठा आहे. ज्या धनगर बाईने विमान धरून ठेवलं तिचा."

"धनगरणीचा?" ते हसले. वाईट हसले असं नाही, आपण मुलांच्या बोलण्याला हसतो तसे. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांब, बारीक पात्यांची कात्री काढली आणि म्हणाले, "हे बघ, मी वरचं घेतो, खालचा अंगठा तू घरी ने. आठवण म्हणून. मला सही पुरे आहे."

माझा होणारा नवरा म्हणाला, "वा, दोघांचंही काम झालं!" अण्णा मान हलवू लागले.

कात्री उघडलेली मी पाहिली आणि माझा हात कागदावर पडला. मी ठरवून ठेवला नाही. तळहात पूर्ण पसरून, सहीवरही आणि अंगठ्यावरही. मी म्हटलं, "अख्खा न्या. अख्खा देते म्हटलंय, अख्खा देते. कापायचा असेल तर देणार नाही."

"अगं, पण अंगठ्याचं मी करू काय?"

"जे सहीचं कराल ते."

साहेबांनी मला समजावून सांगितलं. शांतपणे, शिक्षकासारखं. विमान धरणारे कुठेही मिळतात, उडवणारा लाखात एक. इतिहासाला उडवणारा लागतो.

मी म्हटलं, "त्या दिवशी माळावर सगळं गाव होतं. वारं सुटल्यावर सगळं गाव पळालं, मीही पळाले. धरणारी एकच मिळाली. ती नसती तर ही सही करायला तो हात राहिला नसता. आणि अंगठा सहीखाली आहे तो त्याने घेऊ दिला म्हणून आहे. त्याला चालला, तुम्हाला का चालत नाही?"

असं मोठ्या माणसाला उलट बोलायची सवय मला नव्हती. आवाज चढला होता. साहेबांनी कात्री मिटून खणात ठेवली आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. संभाषण संपलं होतं. मी कागद पुठ्ठ्यात घातला आणि सुतळी बांधली.

फाटकाबाहेर टांगा उभा होता. होणारा नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत जा. चूक झाली म्हण. अजून वेळ गेलेली नाही."

"चूक झालेली नाही."

"एका अंगठ्यासाठी? कुठली कोण ती बाई, तुला पुन्हा भेटणारसुद्धा नाही!"

"हो. एका अंगठ्यासाठी."

"मग माझ्या आईला काय सांगू?"

"सांगा की मुलीला गाणं येत नाही, विणकाम येत नाही आणि नमतं घेताही येत नाही."

अण्णा टांग्यात बसले होते. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली, मला टाकून बोलली, बोळात तोंड कसं दाखवायचं म्हणाली. अण्णांनी फक्त पुठ्ठे माझ्या हातातून घेतले आणि खुर्चीवर चढून स्वतः वरच्या फळीवर ठेवले. आठवड्याभरात लग्न मोडल्याचं पत्र आलं. साडी परत पाठवली. साखर आम्ही खाऊन टाकली होती, ती काही परत करता आली नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. तो मला आवडला होता म्हटलं ना. पुष्कळ दिवस बोळातून भांग पाडलेलं कुणी गेलं की मी खिडकीतून आत व्हायची. पण पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आजही तेच आहे. त्या कात्रीसमोर मला पुन्हा बसवा, मी पुन्हा हात ठेवीन. पुढे माझं लग्न झालं की नाही, हे लोकांना फार जाणून घ्यायचं असतं. मी सांगत नाही. त्याचा या कागदाशी काही संबंध नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. वैमानिकाच्या सहीबरोबर, त्याच कागदावर, विमानाला हात लावणाऱ्या दुसऱ्या कुणाची तरी सही किंवा अंगठा मागायचा. दोर धरणारा, पेट्रोलचे डबे वाहून आणणारा, नटबोल्ट आवळणारा, कुणीही. पत्रातही तसंच लिहायला लागले. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी चेष्टा केली, आणि काहींनी मन लावून पाठवलं. एकाने तर त्याच्या मेकॅनिकची सही स्वतःच्या सहीपेक्षा मोठी करून घेतली होती. साहेबांच्या आल्बमात यातला एकही कागद मावला नसता.

मग एका हिवाळ्यात सोलापूरच्या बाहेरच्या माळावर लोकांना फेऱ्या मारून आणणारं विमान आलं. त्याचा वैमानिक नामांकित होता, त्याच्या सहीसाठी रांग लागली होती. रांगेत वकील होते, डॉक्टर होते, आणि ते मिलवाले साहेबही होते. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझा नंबर आला तेव्हा मी त्याला सांगितलं की मला तुमची आणि तिकडे चाकाशी बसलेल्या त्या माणसाची, दोघांची सही एका कागदावर हवी आहे. त्याने चाकाकडे बघितलं. तो माणूस हात पुसत होता, चिखलाने आणि तेलाने काळा झालेला. वैमानिक म्हणाला, त्याच्याबरोबर एका कागदावर मी सही करत नाही, पाहिजे तर वेगळ्या कागदावर घ्या. मागून साहेब म्हणाले, "अगं, घे की, वेगळ्यावर घे. सही ती सहीच."

मी त्याला दिलेला माझा कोरा कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि रांग सोडली. सगळे माझ्याकडे बघत होते. तशीच माळावरून चाकापर्यंत चालत गेले आणि कागद त्या मेकॅनिकसमोर धरला. त्याने आधी वैमानिकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हात पुन्हा एकदा पुसले आणि सावकाश सही केली.

त्या नामांकित माणसाची सही माझ्याकडे नाही. त्याच्या मेकॅनिकची आहे.